आमटी हिंदकळता कामा नये

स्वतःच्या उजव्या पायाचा आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी जेवढा विचार केला, तेवढा दिल्लीत राहणाऱ्या दुसऱ्या कुणीही केला नसेल. नर्तक आणि फुटबॉल खेळणारे धरूनसुद्धा मी हे विधान करतो. बाकी सगळ्या अवयवांबाबत ते अगदी उदासीन होते. डोक्यावरचे केस कधी गेले हे त्यांना न्हाव्याने सांगितलं, आणि चष्म्याची एक काडी तुटल्यावर तिच्या जागी त्यांनी कित्येक महिने सुतळीवर भागवलं. पण उजवं पाऊल मात्र जपलेलं. त्याला ते रोज तेल लावत, घोट्यातून दोन्ही बाजूंना फिरवत आणि पंजा जमिनीवर रोवून टाच उजवीकडे नेत, परत आणत, परत नेत. मंत्रालयात ते सेक्शन ऑफिसर होते. वरिष्ठ काही समजावून सांगत असताना टेबलाखाली हा व्यायाम चालू असायचा. एकदा त्यांच्या अंडर सेक्रेटरीने वाकून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "पैर में तकलीफ है क्या?" "नहीं सर," हे म्हणाले, "प्रॅक्टिस है." त्यावर साहेबांनी वाकलेली मान सरळ केली आणि पुढची फाइल ओढली.

आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो, ते वर, आम्ही खाली. ब्लॉकमधली पोरं त्यांना 'पेडलवाले अंकल' म्हणत. त्यांच्याकडे एक सेकंड-हँड फियाट होती, फिकट हिरवी, म्हणजे घेतली तेव्हा हिरवी असावी. या गाडीची तीन पेडलं, त्यांची उंची, त्यांच्यातलं अंतर आणि त्यांचा एकमेकांशी असलेला दुरावा हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात फुटपाथवर त्यांना मोटारींच्या शर्यतींवरचं एक जुनं विलायती मासिक मिळालं होतं. त्यात असं होतं की, गाडी हळू करताना आपण वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये आलो की इंजिन आणि चाकं यांचं जमत नाही आणि झटका बसतो. तो बसू नये म्हणून ब्रेक दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरलाही हलकेच एक टोला द्यायचा. डावा पाय क्लचवर अडकलेला, म्हणून ही दोन्ही कामं उजव्या पायाने करायची. पंजा ब्रेकवर, टाच ॲक्सिलरेटरवर. मासिकात याचं नाव हील-टो होतं. शर्यतीतले लोक हे क्षणभराचा वेळ वाचवण्यासाठी करतात. आमचे शेजारी मटार आणायला मार्केटात जाताना करत. गाडी त्यांनी कधी सायकलवाल्याला मागे टाकेल इतकी जोरात चालवली नाही. घाईचा आणि त्यांचा संबंधच नव्हता. त्यांना फक्त झटका नको होता.

झटका का नको होता, हे ते कुणालाही सांगत, त्यात गुपित काही नव्हतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, गाडी लागायची. नुसती लागायची म्हणणं म्हणजे दिल्लीत जानेवारीत जरा गारवा असतो म्हणण्यासारखं आहे. बस लागायची, टॅक्सी लागायची, टांगा लागायचा. कॅन्टोन्मेंटमधल्या फौजी बायकांनी एकदा हळदीकुंकवाला न्यायला ट्रक पाठवला, तर तो फाटकाशी उभा असतानाच लागला. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, सीटवर वर्तमानपत्र घालून त्यावर बसून झालं. त्या कुठे जायच्याच नाहीत. दिल्लीत येऊन एवढी वर्षं झाली, पण त्यांची दिल्ली आयएनए मार्केटाला संपायची, कारण पायी तिथपर्यंतच जाता यायचं. या सगळ्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांना एकाच ठिकाणी जायचं होतं, ते म्हणजे पानिपतजवळचं काला अंब, लढाईत मराठे पडले ती जागा.

वहिनींचं माहेर साताऱ्याकडचं. त्यांच्या घरातला एक पुरुष पानिपतावर गेला तो परत आला नाही. तो नेमका कोण, कुणाचा कोण, हे आता घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. पण ती लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली म्हणतात, आणि तेव्हापासून त्यांच्या माहेरी संक्रांतीला तिळगूळ वाटत नाहीत. वड्या करतात, पण डबा उघडतात दुसऱ्या दिवशी. संक्रांतीला फक्त एक वडी बाजूला काढून उंबऱ्यावर ठेवायची, त्याच्यासाठी. लग्न होऊन वहिनी दिल्लीला निघाल्या तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या आत्याने त्यांना जवळ घेऊन सांगितलं होतं, "बाई, तू आता तिकडंच चाललीस. त्याची वडी त्याला तिथंच देऊन ये. उंबऱ्यावरची किती वर्षं चिमण्याच खातात." आत्या गेली. वहिनींची उंबऱ्यावरची वडी मात्र दर संक्रांतीला सरकारी क्वार्टरच्या दारात दिसायची आणि ती आमच्या झाडूवाल्या जमादाराची बकरी खायची. मराठी मंडळींची बस दर वर्षी काला अंबला जायची. एकदा वहिनी हिय्या करून त्या बसमध्ये चढल्या आणि अलीपूरच्या अलीकडेच त्यांना खाली उतरवावं लागलं. दोघं रस्त्याच्या कडेला बसून राहिले आणि परतीच्या बसची वाट पाहत बसले. घरी आल्यावर वहिनींनी ती वडी पुन्हा उंबऱ्यावर ठेवली. पुढच्या महिन्यात शेजाऱ्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून फियाट घेतली.

"अहो, पानिपतला रेल्वे जाते की," मी एकदा म्हणालो होतो.

"स्टेशनापर्यंत जाते," ते म्हणाले. "तिथून काला अंबपर्यंत टांगा. टांग्याला क्लच असतो का?"

नसतो, हे मला मान्य करावं लागलं.

तर मग पेडलं. पहिला प्रयोग लाकडाचा झाला. ब्रेक उंच आणि ॲक्सिलरेटर खोल, त्यामुळे पंजा ब्रेकवर ठेवला की टाच हवेत तरंगायची. म्हणून ॲक्सिलरेटरवर एक ठोकळा बसवायचा ठरलं. हव्या त्या जाडीचं लाकूड घरात एकच निघालं, ते म्हणजे वहिनींच्या पोळपाटाचा पाय. त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्याकडच्या पोळ्या एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पारदर्शक होत असत. ठोकळा सुतळीने बांधला होता. (सुतळीवर त्यांचा फार विश्वास.) इंडिया गेटच्या गोल रस्त्यावर तो सुटला आणि घरंगळत ब्रेकखाली जाऊन बसला. ब्रेक दाबेना. मी शेजारी बसलो होतो. आम्ही इंडिया गेटला एक फेरी मारली, मग आणखी एक. आइस्क्रीमवाले आम्हाला ओळखू लागले. "हँडब्रेक ओढा की!" मी ओरडलो. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "हँडब्रेकने झटका बसतो," ते म्हणाले, आणि चावी फिरवून इंजिन बंद करून गाडी आपली आपण थांबेपर्यंत शांतपणे बसून राहिले.

दुसरा प्रयोग लोखंडाचा. काश्मिरी गेटच्या मोटारबाजारात एक वेल्डिंगवाले सरदारजी होते. त्यांच्याकडे शेजारी इतक्या रविवारी गेले, की सरदारजींनी त्यांच्यासाठी वेगळं स्टूल ठेवलं. ॲक्सिलरेटरला डावीकडे वाढवणारी पट्टी, ब्रेकला थोडं खाली आणणारी खाच, मग पट्टीची जागा बदल, मग कोन बदल. सरदारजी वैतागले नाहीत, त्यांना मजा वाटायची. "बाऊजी, रेस लगानी है क्या?" त्यांनी विचारलं. "नहीं जी," शेजारी म्हणाले, "घरवाली को पानिपत ले जाना है." सरदारजी पट्टी चिमट्यात धरत म्हणाले, "चलो, बिल्कुल ठीक है," आणि मुखवटा डोळ्यांवर ओढला.

प्रत्येक बदलानंतर चाचणी व्हायची आणि चाचणीचं यंत्र मी होतो. पुढच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर ताटली, ताटलीत वाटी, वाटीत काठोकाठ आमटी. पाणी चालत नसे. पाणी उगाच हलतं, असं त्यांचं मत होतं. आमटी माणसाच्या पोटासारखी वागते. लोधी रोडवरून सफदरजंगच्या विमानतळाकडे आणि तिथून परत असा आमचा मार्ग होता. प्रत्येक सिग्नलला ते रस्त्याऐवजी वाटीत बघत. गिअर बदलला की विचारत, "हिंदकळली?" हिंदकळलेली माझ्या पँटवर दिसायचीच. माझ्या बायकोने शेवटी माझी एक पँट त्या कामासाठी काढून ठेवली. ती मुळात राखाडी होती, पुढे तिला हळकुंडाचा रंग आला. पण हळूहळू डाग कमी होत गेले. एका रविवारी आम्ही विमानतळापर्यंत गेलो आणि परत आलो, आणि आमटी वाटीत देवासमोरच्या तीर्थासारखी स्वस्थ. त्यांनी गाडी थांबवली, माझ्या मांडीवरची वाटी उचलली आणि ती गार आमटी एका दमात पिऊन टाकली. एवढा आनंदी माणूस मी मंत्रालयातला तरी दुसरा पाहिला नाही.

या यशात एक गोम होती. पेडलांची सगळी मापं त्यांनी उन्हाळ्यात घेतली होती, आणि उन्हाळ्यात ते कोल्हापुरी चपला घालत. पट्टीचा कोन, टाचेची जागा, सगळं त्या चपलेच्या हिशेबाने बसलेलं. बूट घालून टाच फार वर यायची, मोजे घातले तर अंगठा चपलेत जायचा नाही. त्यामुळे ती गाडी फक्त त्यांनाच, आणि त्यांनाही फक्त कोल्हापुरी घालूनच चालवता यायची. ऑफिसच्या आवारात गाडी लावल्यावर हे गाडीत बसूनच बूट चढवत, आणि संध्याकाळी ते काढून परत चपला. दिल्लीची संक्रांत कशी असते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. जन्माने पुण्याचे असले तरी निम्मं आयुष्य त्यांनी या थंडीत काढलं होतं. पण संक्रांत आणि चपला या दोन गोष्टी त्यांनी एकत्र कधी मनात आणल्याच नाहीत.

त्या वर्षी संक्रांतीला पहाटे आम्ही निघालो. माझी बायको पहाडगंजातल्या मराठी शाळेत शिकवायची आणि शाळेत तिळगुळाचा कार्यक्रम होता, म्हणून मी एकटाच. धुकं असं, की गाडीचं बॉनेट दिसत होतं यातच समाधान मानायचं. मी मागचं दार उघडलं, तर वहिनी म्हणाल्या, "छे छे, भाऊजी, तुम्ही पुढे." पाहुणा पुढे, घरची बाई मागे, मांडीवर डबे. आपल्याकडे हे कुणी ठरवत नाही, ते तसंच असतं. मीही वाटीशिवाय त्या सीटवर प्रथमच बसत होतो, त्यामुळे मला जरा चुकल्यासारखं वाटलं. वहिनींनी पदर नाकाला लावला, हातात लिंबू घेतलं आणि डोळे मिटले.

आझादपूरपर्यंत ठीक. शेजाऱ्यांचा पाय असा काम करत होता की बघत राहावं. समोर अचानक ट्रक येई, पंजा दाबे, टाच वळे, गिअर खाली येई आणि गाडी तूप ओतावं तशी मंद होई. आमटी असती तर हलली नसती. पण अलीपूर ओलांडल्यावर मागच्या सीटवर वहिनींचा श्वास बदलला. आरशात त्यांचा चेहरा पांढराफटक दिसत होता. "कसं वाटतंय?" यांनी विचारलं. "बरंय," त्या म्हणाल्या. हे 'बरंय' आम्हा दोघांनाही ओळखता येत होतं. मागच्या खेपेला बसमध्येही त्या आधी 'बरंय'च म्हणाल्या होत्या. शेजाऱ्यांनी गाडी आणखी हळू घेतली, पाय आणखी हळुवार केला. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. मला तेव्हा त्यांची फार कणव आली. एखाद्याला जमेल तेवढं सगळं जमलंय आणि तरी पुरत नाहीये, असं ते दृश्य होतं.

सोनीपत गेलं आणि गाडी एकदम आचके देऊ लागली. मुरथलच्या ढाब्यापाशी कशीबशी थांबवून ते म्हणाले, "पाय कुठे आहे ते कळत नाहीये." आम्ही खाली वाकून पाहिलं. पाय जागेवर होता, पण वांग्यासारखा जांभळा पडला होता. उघडी चप्पल, खालून येणारा वारा, आणि त्यात ते इतका वेळ बोटं ताणून बसलेले.

वहिनींची मळमळ रागाने पळाली. "ह्या थंडीत उघड्या पायांनी? वेडबिड लागलंय का तुम्हाला? भाऊजी, उतरा. मागे व्हा तुम्ही." मी मागे झालो, डबे माझ्या मांडीवर आले. वहिनी पुढे बसल्या, त्यांनी यांचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि भर ढाब्यासमोर, सरदार आणि जाट ड्रायव्हरांच्या देखत, तो चोळ चोळ चोळला. हे लाजून "अगं, अगं" म्हणत होते. मग वहिनींनी स्वतःचा लोकरी मफलर काढून चपलेसकट तो पाय गुंडाळला आणि वर गाठ मारली. पाय आता नारळाएवढा झाला होता.

"अगं, अशाने टाच वळणार नाही. हील-टो कसं करू?"

"करू नका. साधी चालवा. सगळं जग चालवतं तशी."

आणि मग पानिपतापर्यंत आम्ही सगळं जग चालवतं त्याहून बऱ्याच वाईट तऱ्हेने गेलो. त्या गाठोड्याखाली ब्रेक आणि ती वाढवलेली पट्टी एकदमच दाबली जायची. गाडी रडायची, उसळायची, मग फतकल मारायची. आमटी असती तर छताला लागली असती. मागच्या सीटवर तिळाच्या वड्यांचा आणि बटाट्याच्या भाजीचा वास, खिडक्या बंद, समोर फक्त दोन पाठी. गन्नौरला मलाच मळमळायला लागलं, समालखाला मी लिंबू मागून घेतलं. आणि वहिनी? वहिनी पुढच्या काचेला नाक लावल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. "डावीकडे सायकल आहे. बैलगाडी, बैलगाडी! हं, आता जा." गालांवर रंग आला होता. धुकं विरलं, दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी दिसायला लागली, तर म्हणाल्या, "किती छान आहे हो हा रस्ता. कधी पाहिलाच नाही मी."

काला अंबला एक विटांचा खांब आहे, भोवती कुंपण आणि शेतं. ज्याच्यावरून नाव पडलं ते आंब्याचं झाड केव्हाच गेलं. मंडळींची बस अजून यायची होती. वहिनींनी डबा उघडला आणि एक वडी काढून खांबाच्या पायाशी ठेवली. मला वाटलं, त्या हात जोडतील, डोळे पुसतील. तसं काही नाही. कुणा माहेरच्या माणसाशी बोलावं तशा त्या म्हणाल्या, "घ्या. आत्याने पाठवलीय. उशीर झाला जरा." मग थोडं थांबून, "गोड बोला." आणि मागे वळून त्यांनी संक्रांतीच्या दिवशी, आयुष्यात प्रथमच, नवऱ्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. मग माझ्या. समालख्यापासून मी लिंबावरच होतो. मी ती वडी कशी गिळली ते सांगता येत नाही, पण गिळली. शेजारी एका पायावर भार देऊन, मफलर बांधलेला पाय पुढे करून उभे होते आणि वडी चघळत दुसरीकडे बघत होते.

निघताना ते काच पुसायला गेले, तेव्हा वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, कळलं ना तुम्हालाही? पुढे बसल्यावर होतच नाही मला काही. पण त्यांना बोलू नका हं. पेडलांसाठी एवढे दिवस खपलेत. सगळं फुकट गेलं असं वाटेल त्यांना." मी कबूल केलं. परतताना त्या पुढेच बसल्या, पायावर लक्ष ठेवायला हवं या सबबीवर. तेव्हापासून ती सबब उन्हाळ्यातही चालू राहिली आणि वहिनींनी मथुरा पाहिली, आग्रा पाहिलं, हरिद्वारला जाऊन आल्या. शेजारी मराठी मंडळींना भेटेल तिथे पकडून सांगत, "नुसत्या पेडलांचा प्रश्न असतो हो. इंजिनिअरिंग आहे," आणि वहिनी शेजारी उभ्या राहून मान डोलवत.

पुढे क्वार्टर्स सुटले. आम्ही जनकपुरीला गेलो, ते निवृत्त होऊन मुलाकडे नोएडाला. फियाट भंगारात जाताना त्यांनी ती लोखंडी पट्टी काढून ठेवली. वहिनी ती धुऊन-पुसून लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवतात. मध्ये मी त्यांच्याकडे गेलो होतो. शेजारी आता काठी घेऊन चालतात, उजवाच पाय दुखतो. संध्याकाळी मला मेट्रोपर्यंत सोडायला मुलगा निघाला, तर हे दोघंही तेवढीच चक्कर म्हणून बरोबर आले. मुलाची गाडी ऑटोमॅटिक आहे. क्लच नाहीच, दोनच पेडलं, आणि ती दोन्ही एकमेकांशी गुण्यागोविंदाने राहतात. मुलाने पुढचं दार उघडलं. "काका, तुम्ही पुढे बसा ना, प्लीज."

"काका मागे," शेजारी म्हणाले. "आई पुढे बसेल."

"बाबा, काका गेस्ट आहेत यार. असं काय?"

"तिला मागे बसून लागतं."

वहिनी दारात पाय ठेवता ठेवता थांबल्या. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. ते काठी आडवी करून मागे सरकत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. वहिनी पुढे बसल्या आणि त्यांनी पदर सारखा केला.

गाडी चालू झाल्यावर मी शेजाऱ्यांच्या कानाशी लागलो. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मुरथलपासून," ते हळू आवाजात म्हणाले. "मफलर बांधल्यावर मी हील-टो कुठे केलं होतं? आणि तिला तर काहीच होत नव्हतं. मी काय आंधळा आहे?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"ती मंडळींसमोर मान डोलवायची हो, माझं ऐकून." ते खिडकीबाहेर पाहायला लागले. "फार बरं वाटायचं."

पुढे सिग्नल लाल झाला. मुलाने ब्रेक दाबला, गाडी मुकाट्याने मंद झाली, आत कुणालाच काही कळलं नाही. पुढच्या सीटवर वहिनी सांगत होत्या, "डावीकडून स्कूटर येतेय रे." माझ्या शेजारी, सीटखालच्या अंधारात, लोकरी मोजा घातलेलं एक पाऊल पंज्यावर टेकलं आणि त्याची टाच सावकाश उजवीकडे वळली.